ऑपरेशननंतरचा वात : चाचणी शोधायची ती तारखेच्या आधी

ऑपरेशन नीट पार पडतं आणि दुसऱ्या रात्री म्हातारं माणूस भलतंच बोलू लागतं. गावाकडे याला ‘वात झाला’ म्हणतात, डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. तो टाळण्यासाठी चालणाऱ्या संशोधनात, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, सहभागी कसं व्हायचं, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना वात झाला होता. सलाईनची सुई उपटली, मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारत होते. चौथ्या दिवशी ओसरलं. आता पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा आहे. अशा त्रासावर चाचण्या चालतात असं कळलं. नाव कसं घालायचं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : महिनाभर आधी विचारलंत हे फार बरं झालं. या विषयावरच्या बहुतेक चाचण्या डिलिरियम होऊ नये यासाठी असतात, झालेला बरा करण्यासाठी नव्हे. त्यामुळे माहिती देणं, संमती, स्मरणशक्तीची पहिली तपासणी हे सगळं भूल देण्याआधी उरकावं लागतं. नोंदणी बहुधा भूलतज्ज्ञांच्या तपासणीत होते (हॉस्पिटलात तिला पीएसी म्हणतात), नाहीतर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. पेशंट टेबलावर गेला की ही संधी संपली.

दुसरी गोष्ट, ही चाचणी ऑपरेशनला चिकटलेली असते. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन, तिथल्याच भूलविभागाची चाचणी. नाव एकीकडे घालून गुडघा दुसरीकडे बदलता येत नाही. म्हणून आधी सर्जन आणि हॉस्पिटलचे दोन-तीन पर्याय नक्की करा आणि त्यांच्यापैकी कुठे चाचणी चालू आहे ते पाहा. निव्वळ चाचणीसाठी चांगला सर्जन सोडण्यात शहाणपण नाही.

शोधायची जागा म्हणजे सीटीआरआय, भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. आयसीएमआरच्या दिल्लीतल्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंद सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधी केलेलीच नोंद स्वीकारली जाते. पत्ता : सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. पाहायला पैसे लागत नाहीत.

तिथे ‘ट्रायल सर्च’मध्ये शब्द इंग्रजीतच टाकावा लागतो आणि निम्मे लोक इथेच अडतात. डिलिरियमचं स्पेलिंग डी-ई-एल-आय-आर-आय-यू-एम. ‘एल’नंतर ‘आय’ येतो, ‘ई’ नव्हे. चुकीच्या स्पेलिंगवर यादी रिकामी येते आणि माणूस समजतो की चाचणीच नाही. या शब्दावर काही मिळालं नाही, तर ‘पोस्टऑपरेटिव्ह कॉग्निटिव्ह डिसफंक्शन’ (ऑपरेशननंतर स्मरण-विचारशक्ती मंदावणं) टाकून पाहा. डेक्समेडेटोमिडिन (गुंगीचं औषध), मेलाटोनिन (झोपेसाठीचं) अशा औषधांच्या नावानेही शोधा, कारण कधी कधी शीर्षकात फक्त औषधाचं नाव असतं.

यादी आली की आधी ‘इमर्जन्स डिलिरियम’वाल्या नोंदी बाजूला काढा. त्या बहुतेक लहान मुलांच्या असतात : टॉन्सिल वगैरेच्या ऑपरेशननंतर भुलीतून बाहेर येताना मूल काही मिनिटं हातपाय झाडतं, त्यावरच्या. तुमच्या वडिलांना झालं ते वेगळं. ते साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सुरू होतं, दिवसभरात कमीजास्त होतं आणि रात्री बळावतं.

उरलेली प्रत्येक नोंद उघडून पाच जागा वाचा. ‘साइट्स ऑफ स्टडी’त हॉस्पिटल आणि गाव. ‘इन्क्लूजन’मध्ये वय आणि ऑपरेशनचा प्रकार, हृदयाच्या बायपासवरची चाचणी गुडघ्याला उपयोगाची नाही. ‘एक्स्क्लूजन’मध्ये कोणाला घेणार नाहीत ते. ‘रिक्रूटमेंट स्टेटस’मध्ये ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ हवं. आणि शेवटी पहिला पेशंट घेतल्याची तारीख व चाचणीचा अंदाजे कालावधी.

ही शेवटची जागा सोडू नका. नोंदवहीत ‘ओपन’ असं लिहिलेलं असतं आणि काम केव्हाच आटोपलेलं असतं, कारण नोंद अद्ययावत करणं हे संशोधकाचं काम आणि ते मागे राहतं. चार वर्षांपूर्वी सुरू झालेली, वर्षभराची म्हणून नोंदवलेली चाचणी आजही उघडी दिसत असेल तर ती संपली असंच धरून चाला. ‘पोस्ट ग्रॅज्युएट थीसिस’समोर ‘येस’ असेल तर ते एमडी करणाऱ्या डॉक्टरचं प्रबंधाचं काम. ते एकाच कॉलेजात, थोड्या पेशंटांवर चालतं आणि डॉक्टर पास होऊन गेला की त्या नंबरवर कोणी उचलत नाही. अशा वेळी कॉलेजच्या ऑपरेटरकडून भूलविभाग मागून घ्या.

संपर्काच्या तीन चौकटी असतात. तुमच्यासाठी ‘पब्लिक क्वेरी’ची, पण तिन्हींत बहुधा एकच नाव असतं. फोन उचलणारा डॉक्टर ओटीत असतो, म्हणून आधी मेसेज किंवा मेल टाका. मजकूर एवढाच पुरे :

‘वडील, वय ७४. उजवा गुडघा बदलायचा आहे, अंदाजे तारीख अमुक, सर्जन अमुक. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर तीन दिवस डिलिरियम. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू, यादी सोबत. ऐकू कमी येतं, मशीन वापरतात. मराठी बोलतात-वाचतात. आपली सीटीआरआय नोंद क्रमांक अमुक, अजून पेशंट घेत आहात का?’

सोबत गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो जोडा. झोपेची गोळी आणि दारू, या दोन गोष्टी घरची मंडळी हमखास लपवतात. चाचणी राहिली बाजूला, इथे जिवाशी गाठ आहे. रोज घेणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की दोन ते चार दिवसांत वेगळाच, अधिक धोक्याचा भ्रम होऊ शकतो. बरीच वर्षं चालू असलेली अल्प्राझोलामसारखी गोळी ‘चाचणीत बसावं म्हणून’ स्वतःहून बंद केली तरी तेच. कमी करायची तर डॉक्टर सांगतील त्या गतीने.

कुठेच चाचणी सापडली नाही तरी मागचा अनुभव पीएसीत पहिल्या वाक्यात सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

प्रश्न : चाचणी म्हणजे म्हाताऱ्या माणसावर प्रयोग. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. हे फसवणं नाही का? आणि काही बरंवाईट झालं तर? — एक वाचक, ठाणे

उत्तर : निम्म्यांना सलाईन मिळू शकतं, हे खरं. पण ते पत्रकात आधी लिहून, वाचून दाखवून आणि सही घेऊनच. कोणाला काय द्यायचं हे संगणक किंवा बंद पाकीट ठरवतं. तपासणाऱ्या डॉक्टरलाही बहुतेक वेळा ते माहीत नसतं, नाहीतर मनासारखे निकाल दिसू लागतात.

औषध मिळालं तो गट भाग्यवान, हा समज मात्र या विषयात अनेकदा खोटा ठरला आहे. भुलीच्या वेळी थोडं केटामिन (भुलीचंच एक औषध) दिलं तर डिलिरियम टळेल अशी आशा होती. भारतासह काही देशांत ६७२ पेशंटांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आले. दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखंच, साधारण १९-२० टक्के. उलट केटामिनवाल्यांना भास आणि भयानक स्वप्नं जास्त पडली. डेक्समेडेटोमिडिनचं तर आणखी गमतीचं. बीजिंगमध्ये ६५ वर्षांवरच्या ७०० पेशंटांना, हृदयाखेरीज इतर ऑपरेशननंतर आयसीयूत कमी डोस दिला, तेव्हा प्रमाण २३ वरून ९ टक्क्यांवर आलं. चार वर्षांनी, २०२० मध्ये, हृदयाच्या ऑपरेशनवरच्या चाचणीत तेच औषध उपयोगी पडलं नाही. औषधाच्या गटात १७ टक्के, सलाईनच्या गटात १२. मणक्यात भूल द्यावी की पूर्ण भूल, यावर घराघरांत ठाम मतं असतात. अमेरिका-कॅनडातल्या १,६०० खुबा मोडलेल्या पेशंटांत डिलिरियमचं प्रमाण दोन्हीकडे साधारण २० टक्केच निघालं. उत्तर ठाऊक नाही म्हणूनच चाचणी होते. डॉक्टर तुम्हाला ‘या औषधाने नक्की फायदा होईल’ असं सांगत असतील तर ते चाचणीची माहिती देत नाहीत, गळ घालताहेत.

बरंवाईट झालं तर काय, याची उत्तरं २०१९ च्या ‘नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमां’त आहेत. गंभीर घटना घडली की संशोधकाने २४ तासांच्या आत नियामक, प्रायोजक (चाचणी करवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला (पेशंटांचे हक्क जपणाऱ्या समितीला) कळवायचं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च प्रायोजकाचा. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे : ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. हा ९९.३७ म्हणजेच ६५ व त्यापुढच्या वयाचा गुणक. म्हणजे ज्येष्ठांच्या बाबतीत वरचा आणि खालचा आकडा एकमेकांना खातो आणि उरतं ८ लाख गुणिले जोखीम. जोखमीचा गुणक ०.५ ते ४. माणूस मुळात जितका धडधाकट तितका तो मोठा. गुणक २ धरला तर १६ लाख, ३ धरला तर २४ लाख.

आधीच मान्यता मिळालेल्या औषधावर कॉलेजच्या डॉक्टरांनी स्वतःहून केलेलं शैक्षणिक संशोधन असेल, तर पाठीमागे औषध कंपनी नसते. तिथे पत्रकात एक ओळ शोधा : इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार? संस्था की विमा? ओळ नसेल तर ती लेखी मिळेपर्यंत सही करू नका.

पैशांचं साधं गणित असं. संशोधनासाठी म्हणून जास्तीची जी तपासणी, जे औषध, त्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. गुडघ्याचं, खोलीचं, सर्जनचं बिल नेहमीसारखं तुमचंच.

प्रश्न : आईला थोडा विसरभोळेपणा आहे, डॉक्टर सुरुवातीचा डिमेन्शिया म्हणतात. सही तिची की माझी? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : विसरभोळेपणा आहे म्हणून सहीचा हक्क जात नाही. काय करणार आहेत, त्यात धोका काय, नाही म्हटलं तर काय होईल, हे ऐकून त्या स्वतःच्या शब्दांत परत सांगू शकत असतील तर सही त्यांचीच. सांगू शकत नसतील तर कायद्याने मान्य प्रतिनिधी म्हणून तुमची. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सगळा वेळ हजर हवा. सही झालेल्या कागदाची एक प्रत आणि माहितीपत्रक घरी न्यायचं, आणि ते मराठीत मागायचं. त्यावर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन असतो, तक्रार तिथे. मधेच ‘आता नको’ म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही आणि उपचार थांबत नाहीत.

पण आधी ‘एक्स्क्लूजन’ पाहा. डिमेन्शिया असलेल्यांना अनेक चाचण्या वगळतात. खरं तर डिलिरियमचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. तरीही त्यांना वगळून काढलेली उत्तरं मग त्यांनाच लावली जातात, हा या संशोधनाचा जुना दोष आहे.

चाचणीत नेमकं काय विचारतात हेही कळलेलं बरं. खूप ठिकाणी ‘फोर-ए-टी’ नावाची दोन-तीन मिनिटांची तपासणी वापरतात. पेशंट सुस्त किंवा फार बेचैन दिसला तर ४ गुण. वय, जन्मतारीख, जागा, चालू वर्ष यात एक चूक झाली तर १, जास्त चुकल्या तर २. मग महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे : सात किंवा अधिक बरोबर आले तर शून्य, कमी आले किंवा नकार दिला तर १, तपासणीच करता आली नाही तर २. गेल्या काही दिवसांत अचानक बदल झालाय असं घरचे सांगत असतील तर आणखी ४. बेरीज ४ किंवा जास्त आली की डिलिरियमची शंका. इथे गुण जास्त म्हणजे तब्येत वाईट, शाळेच्या उलट.

यातली मेख ओळखा. ज्यांच्या तोंडी चैत्र-वैशाख आहेत, त्या आजींना डिसेंबर-नोव्हेंबर उलटे म्हणता आले नाहीत तर तो वात नव्हे. वर्ष विचारल्यावर शके सांगणारे आजोबाही चुकलेले नसतात. पहिली तपासणी ऑपरेशनच्या आधी करतात ती याचसाठी, म्हणजे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्या दिवशी चष्मा, कवळी, कानातलं मशीन बरोबर न्या, आणि ‘तिला शाळा चौथीपर्यंतच’ हे आधीच सांगा.

प्रश्न : आईचं खुब्याचं ऑपरेशन परवा झालं. कालपासून ओळखत नाही, रात्रभर ओरडते. आत्ता एखाद्या चाचणीत घालता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता चाचणी शोधू नका, कारण शोधा. हे पत्र छापून येईपर्यंत त्यांचं ऑपरेशन जुनं झालेलं असेल, पण प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून लिहितो.

ड्युटी डॉक्टरांना एकेक करून विचारा : ऑक्सिजन किती, शुगर किती, सोडियम शेवटचं कधी तपासलं, ताप किंवा लघवी-छातीचं इन्फेक्शन आहे का? लघवी तुंबली आहे का, कॅथेटर मुडपलाय का? पोट साफ कधी झालं? दुखणं पुरेसं शमतंय का, की ‘बोलत नाही म्हणजे दुखत नाही’ असं धरलंय? गोळ्यांच्या चार्टवर रात्रीपासून नवीन काय आलं? झोप यावी म्हणून दिलेली अल्प्राझोलाम, खाज किंवा उलटीसाठी दिलेलं फेनरगन यानेही भ्रम वाढतो. एका बाजूचा हात पडतोय, तोंड वाकडं झालंय किंवा जीभ जड झाली असेल तर हा वात समजून बसू नका, त्या क्षणी डॉक्टरांना बोलवा.

झालेला डिलिरियम लवकर हटवणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. आयसीयूतल्या ५६६ पेशंटांवर अमेरिकेत हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन ही मानसिक आजारांवरची औषधं वापरून पाहिली. २०१८ मधला निकाल असा की डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. पेशंट स्वतःला इजा करून घेईल अशी वेळ आली तर डॉक्टर अशी औषधं थोडी वापरतात, तेवढ्यापुरतीच.

आणि ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडून राहणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. ‘छान शांत झोपल्यात’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांच्यातला डिलिरियम सर्वांत जास्त निसटतो. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, ओळखीचा एकच माणूस जवळ, मध्यरात्री कारणाशिवाय उठवणं बंद. भेटायला येणाऱ्यांची रांग नको.

प्रश्न : निवड झाली होती, ऑपरेशनच्या सकाळी ‘बसत नाही’ म्हणून नाव काढलं. आमचं काय चुकलं? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुधा काहीच नाही. डेक्समेडेटोमिडिनने नाडी मंदावते, म्हणून सकाळी नाडी कमी आली किंवा ईसीजीत ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशांना अडथळा) दिसला तर वगळतात. सोडियम घसरणं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढणं, ऑपरेशनचा बेत बदलणं, चाचणीच्या भाषेत प्रश्न समजत नसणं ही आणखी कारणं. कारण लिहून मागा. नाडीचं किंवा सोडियमचं कारण असेल तर ते चाचणीपेक्षा पेशंटच्या उपचारासाठी महत्त्वाचं.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. बाबांचं ऑपरेशन इथेच करावं लागेल असं दिसतं. इथल्या चाचणीत त्यांना घेतील का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ‘क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह’ ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची नोंदवही. आजाराच्या जागी डिलिरियम, ठिकाणाच्या जागी राज्य, स्थितीत ‘रिक्रूटिंग’ निवडा. ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे काम चालू, पण नवे पेशंट बंद. प्रत्येक चाचणीचा क्रमांक ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे असा असतो; फोनवर तोच सांगा. ब्रिटनमधल्या वाचकांना ‘बी पार्ट ऑफ रिसर्च’ ही तिथल्या सरकारी संशोधन संस्थेची साइट आहे.

अडचण व्हिसाची कमी आणि भाषेची जास्त. प्रश्नोत्तरं इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्येच, अशी अट अनेक ठिकाणी असते. मुलाने शेजारी उभं राहून भाषांतर केलेलं चालत नाही, कारण मुलगा नकळत उत्तर सुचवतो. ‘मराठी दुभाषा मिळेल का’ हे पहिल्याच फोनवर विचारा. चाचणीत घेतलं म्हणून ऑपरेशनचं बिल कोणी भरत नाही, त्यामुळे प्रवासी विमा काय देतो ते त्याच दिवशी तपासा.

परतीची तारीखही लपवू नका. डिलिरियमची पाहणी हॉस्पिटलातच संपते, पण स्मरणशक्तीसाठी पुढे महिन्याने, कधी तीन महिन्यांनी फोन येतो. तोवर बाबा साताऱ्यात पोहोचलेले असतील तर भारतातला नंबर आणि सोयीची वेळ आधीच लिहून द्या, आणि संशोधन नर्सचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावाने सेव्ह करा. परदेशी नंबर दिसला की फसवणुकीचा कॉल समजून कट करायला आपणच त्यांना शिकवलेलं असतं.